केसाने गळा कापणारे आपण

नुसते केस गेले म्हणून आजवर कोणी दगावलेले नाही. केस गेल्यावर लोक काय म्हणतील, या धास्तीपायी मात्र माणसे दगावली आहेत. 2019 साली मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने एकाच बैठकीत हजारो केसांचे रोपण करून घेतले आणि दोनेक दिवसांत त्याचा मृत्यू झाला. कानपुरात दंतवैद्याकडून केसरोपण करून घेतलेल्या दोन अभियंत्यांच्या मृत्यूची प्रकरणे 2025 मध्ये पोलिसांपर्यंत गेली. टक्कल हा जीवघेणा आजार नाही. त्याला जीवघेणा केला तो आपण. आपण म्हणजे जळगावच्या गोलाणी मार्केटात चहा पिता पिता मित्राच्या टकलावर टपली मारून हशा मिळवणारे, धुळ्याच्या पाचकंदीलला उभे राहून स्थळ सांगताना "मुलगा हिऱ्यासारखा आहे हो, फक्त केस जरा..." असे म्हणत आवाज खाली आणणारे; आणि पोरीची वेणी पातळ झाली की डॉक्टरच्या आधी शेजारणीचा सल्ला घेणारे. हे आरोपपत्र आपल्या सगळ्यांवर आहे.

दुसऱ्याच्या डोक्यावरच्या केसांवर मालकी सांगण्याची आपली खोड जुनी आहे. नवरा मेला की उच्चवर्णीय घरांतल्या विधवेला न्हाव्यापुढे बसवत आणि तिचे डोके भादरून टाकत. दहा-बारा वर्षांची पोर असली तरी सुटका नसे. महात्मा फुल्यांनी या क्रौर्याविरुद्ध आवाज उठवला, आगरकरांनी 'सुधारक'मधून त्यावर आसूड ओढले, आणि 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाची सभा भरून विधवांचे केशवपन करायचे नाही, असा ठराव झाला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. ज्यांच्या हातात पोथी होती ते मात्र कितीतरी वर्षे तावातावाने वाद घालत बसले. त्या काळी विधवेने केस राखणे हे पाप होते. आज लग्नाच्या पोरीचे केस जाणे हे पाप आहे. शास्त्रार्थ उलटा झाला, निवाडा देणारे पंच तेच राहिले.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ती झटकून टाकता येणार नाही, कारण परवाचेच उदाहरण आपल्या उंबऱ्याशी आहे. खान्देशातून शेगावची वारी करणारे हजारो. भुसावळला गाडीत बसायचे. मलकापूर, नांदुरा, जलंब मागे पडले की गजानन महाराजांचे शेगाव. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केसांत बोटे घातली की पुंजकेच्या पुंजके निघायचे आणि चार-आठ दिवसांत डोके गुळगुळीत. बाप्ये, बाया, शाळकरी पोरे, कोणी सुटले नाही. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला. बातम्यांनी तर 'टक्कल व्हायरस' असे बारसेही उरकून टाकले.

व्हायरस वगैरे काही नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी नमुने नेले. बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. सेलेनियम हे खनिज शरीराला लागते, पण अगदी कणभर. मात्रा ओलांडली की केस गळतात, नखे झडतात. पुढे काही जणांची नखेही गेली. विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतः त्या गावांत जाऊन रेशनचा गहू, रक्त, लघवी आणि केस तपासले. 18 गावांतल्या 279 जणांना बाधा झाल्याची नोंद त्यांनी केली. बाधितांच्या रक्तात सेलेनियम सुमारे 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट आढळले, असे त्यांनी सांगितले. त्यांचे बोट होते उत्तरेकडून रेशनवर आलेल्या गव्हाकडे. शरीरातले जस्त कमी झाल्याचेही त्यांना दिसले.

म्हणजे गरिबाच्या ताटात काय वाढले जाते, याची पावती गरिबाच्या डोक्यावर उमटली होती. एखाद्या जागत्या समाजाने गव्हाचा हिशेब मागितला असता. रेशनचे धान्य कोणत्या जमिनीतून येते, ते वाटण्याआधी कोण तपासते, असे विचारत मोर्चे निघाले असते. आपण काय केले? ठरलेली लग्ने मोडली. पोरींचे शिक्षण अडले. बाधितांनी लाजेपोटी उरलेसुरले केस स्वतःच भादरून घेतले. विषाची चौकशी राहिली बाजूला, ज्याच्या पोटात विष गेले त्यालाच वाळीत टाकायची घाई झाली. पुढे पुष्कळांचे केस पुन्हा आले. मोडलेली सोयरीक केसांसारखी आपोआप उगवत नाही.

आता केस का जातात ते एकदा नीट समजून घेऊ, कारण अज्ञान हेच या लाजेचे भांडवल आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर; मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, साधारण तीन महिने तो तसाच विसावतो आणि गळून त्याच मुळातून नवा येतो. कपाशी उपटली की रान काही दिवस मोकळे राहते, तसेच हे. मोकळे रान बघून शेत मेले असे खान्देशातला कोणताही शेतकरी म्हणणार नाही. कंगव्यात पन्नास-शंभर केस दिसले की मात्र तोच शेतकरी पोरीला घेऊन वैदूकडे धावतो. दिवसाला तेवढे केस जाणे हा निसर्गाचा रिवाज आहे.

घोर लागतो तो त्यापलीकडे गेल्यावर. डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून झटपट उतरवलेले वजन, असा धक्का बसला की एकदम पुष्कळ केस विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. करोनानंतर घरोघरी हेच झाले. म्हणून जाणता डॉक्टर "कोणते तेल लावता?" असे न विचारता "तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते?" असे विचारतो. डोक्याच्या निरनिराळ्या भागांतले पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढतो, किती हातात येतात ते मोजतो, आणि थायरॉइड व रक्ताची तपासणी लिहून देतो. या प्रकारची गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. त्याच काळात जे तेल चालू असेल, त्याच्या माथी श्रेय पडते.

पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळूवर चांद पडतो, ते मात्र निराळे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरातच तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला काही मुळे जास्त संवेदनशील असतात, ती हळूहळू आक्रसतात. ही संवेदनशीलता आईकडून येते आणि बापाकडूनही. तेव्हा मामाच्या टकलाकडे बोट दाखवून सुटता येत नाही. पन्नाशीपर्यंत निम्म्याच्या आसपास पुरुषांना हे कमी-अधिक होते. बायकांत भांग रुंदावतो, आणि सोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढत असेल तर पीसीओएस हा अंडाशयाचा विकार आहे का, ते तपासावे लागते. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटलेली असते. पोराच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटत असतील तर तो बहुधा बुरशीचा नायटा असतो. त्याला पोटातून औषध लागते, नुसत्या शाम्पूने तो हटत नाही. घट्ट वेण्या आणि ओढून बांधलेले अंबाडे वर्षानुवर्षे घातले तर कानशिलांवरचे केस कायमचे जातात.

इतकी निरनिराळी कारणे, आणि आपल्याकडे सगळ्यांवर औषध एकच : लाज.

या लाजेची शाळा भरते ती बघण्याच्या कार्यक्रमात. बैठकीत पोह्यांच्या बशा फिरतात, पोरगी मान खाली घालून बसते. नाव, शिक्षण, नोकरी विचारून झाली की मुलाची आत्या हळूच उठते, "ये माय, जवळ बस" म्हणत पाठीवर हात फिरवते. तो हात मायेचा नसतो. तो वेणीची जाडी अजमावत असतो, गंगावन तर लावलेले नाही ना याचा अंदाज घेत असतो. घरी जाताना गाडीत निकाल लागतो : "आंडेरना केस पातळ शेतस." झाले. पोरीची पदवी, तिचा पगार, तिचा स्वभाव त्या एका वाक्याखाली गाडला जातो. आणि हे कोणत्या मुलखात? 2011 च्या जनगणनेत ज्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 842 मुली उरल्या होत्या, त्या मुलखात! आधी पोटातल्या पोरी खुडायच्या, आणि ज्या वाचल्या त्यांचे केस मोजायचे. गावोगाव तिशी उलटलेली पोरे लग्नावाचून बसली आहेत, तरी आत्याबाईंच्या हाताची सवय जात नाही.

पोरांनाही सुख नाही. पंचविशीत टाळू दिसू लागली की पोरगा फोटोत टोपी घालतो, वरातीत फेटा उतरवायला कचरतो. काही घरे विगवर लग्न उरकून घेतात. 2020 मध्ये मीरा रोडला एका पत्नीने नवऱ्याने टक्कल लपवल्याची फिर्याद पोलिसांत दिली होती. फसवणूक ती फसवणूकच. पण खरे बोललेल्या मुलाला दारातून परत पाठवणाऱ्या समाजाने खोट्यावर डोळे वटारावेत, हा कोणता न्याय?

आणखी एका गुन्ह्याकडे कोणी बघतच नाही, कारण तो रोज आपल्या स्वयंपाकघरात घडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. लोह कमी पडले की शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळते, केस शेवटी. सगळ्यांची ताटे उठल्यावर उरलेल्या वरणाच्या तळाशी भाकरी कुस्करून खाणाऱ्या बाईच्या डोक्यावर केस टिकायचे कसे? दर महिन्याला रक्त जाते, बाळंतपणात जाते, भरून काढायला कोणी बसत नाही. नवऱ्याला बट्टीवर तुपाची धार, तिला जेवणाच्या जोडीला चहा, आणि तो चहाही जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. मग तिच्यासाठी चारशे रुपयांची तेलाची बाटली येते. त्या चारशेत डाळ, गूळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्यायला जाण्याचे एस.टी.चे भाडे, सगळे भागले असते. पण तेलाची बाटली फडताळात दिसते. बाईच्या पोटातली भूक दिसत नाही.

या लाजेवर जो बाजार उभा आहे, त्याला तर सीमा नाही. आठवडे बाजारात, यात्रेत, मोबाईलच्या पडद्यावर, सगळीकडे मांड्यांपर्यंत केस सोडलेल्या बाईचे चित्र आणि खाली "एकवीस दिवसांत हमखास". जो केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, तो एकवीस दिवसांत काय चमत्कार दाखवणार? आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांची 'अनुसूची जे' सांगते की टक्कल बरे करण्याचा, नवे केस उगवण्याचा, अकाली पिकलेले केस काळे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये. नियम स्वच्छ आहे. तरी दावा रोज आपल्या डोळ्यांसमोर होतो, आणि आपण तक्रार न करता ऑर्डर देतो. मार्च 2025 मध्ये पंजाबातल्या संगरूरला टक्कल घालवण्याचे शिबिर भरले. डोक्याला तेल चोळून घेतलेले साठ-सत्तर लोक लालभडक, जळजळणारे डोळे घेऊन दवाखान्यात पोहोचले. खेड्यातले उपाय तर याहून अघोरी : चाईवर लसूण घासायची, ब्लेडने खरवडून जमालगोटा लावायचा, कातडे भाजून फोड आले की "औषध लागू पडतेय" म्हणायचे. जी चाई कित्येकदा आपणहून भरते, तिथे कायमचा व्रण उठवायचा आणि उपाय केल्याचे समाधान मिरवायचे.

शहरातला शहाणा हसत असेल, तर त्याने आपल्या गल्लीतल्या चकचकीत क्लिनिकात डोकावून बघावे. केसरोपण ही शस्त्रक्रिया आहे. मागच्या भागातली टिकाऊ मुळे काढून पुढे लावायची, भूल द्यायची, रक्तस्राव सांभाळायचा, असे ते काम. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये बजावले की ते प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे. कार्यशाळेत बसून किंवा व्हिडिओ बघून हे शिकता येत नाही. असे बजावण्याची पाळी यावी, यातच सगळे आले. हप्त्यांवर डोके गहाण टाकण्याआधी आपल्याला हात लावणार तो डॉक्टर आहे की सहायक, एवढे विचारण्याची हिंमत तरी गिऱ्हाइकाने दाखवावी. साडी घेताना पोत चोळून बघणारे आपण, सोने घेताना हॉलमार्क बघणारे आपण, कातडीवर सुरी चालवणाऱ्याची पदवी मात्र बघत नाही.

उपचार नाहीत असे नव्हे. पण ते चमत्कार नाहीत. वंशपरंपरेच्या गळतीवर मिनॉक्सिडिल लावतात. मूळचे ते रक्तदाबाचे औषध. सुरुवातीला केस जरा जास्तच गळतात, फरक दिसायला चार ते सहा महिने जातात, आणि सोडले की मिळवलेले पुन्हा जाते. पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी आहे. काहींना लैंगिक तक्रारी जाणवतात, म्हणून ती विचारूनच घ्यायची, आणि गर्भार बाईने तिला हातही लावायचा नाही. चाईत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात. तीव्र चाईसाठी अमेरिकेत 2022 मध्ये बॅरिसिटिनिब या गोळ्यांना मंजुरी मिळाली, पण त्या महाग आणि कडक देखरेखीखाली घ्यायच्या. रक्त काढून त्यातला अंश टोचण्याच्या पीआरपीचा कुणाला गुण येतो, कुणाला नाही. त्याची हमी देणारा खोटे बोलतो. आणि व्रण पाडणारे काही आजार असे असतात की मूळच जळून जाते. तिथे उशीर म्हणजे कायमचे नुकसान. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागापुढे रांग लावायला आपल्याला कमीपणा वाटतो, आणि भोंदूच्या दारात उभे राहायला वाटत नाही.

काहीच उपाय न करणे, हाही मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा नाही. टक्कल घेऊन माणूस शेती करतो, शाळा शिकवतो, संसार करतो. अडचण डोक्यात नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. इंग्लंडमध्ये 2022 साली एका कामगार न्यायाधिकरणाने निकाल दिला की कामाच्या जागी पुरुषाला त्याच्या टकलावरून हिणवणे हा लिंगावर आधारित छळ ठरू शकतो. आपल्याकडे तीच गोष्ट करमणूक समजली जाते. किमोथेरपी घेणाऱ्या बाईला औषधाच्या उलट्यांपेक्षा शेजारणीच्या नजरेची भीती जास्त वाटते. आजारातून उठलेल्या माणसाला "अरे, तू तर पार टकला झालास" असे स्वागत मिळते. ज्याला आपण विनोद म्हणतो, तो ऐकणारा रात्रभर उशाशी घेऊन झोपतो.

तेव्हा निवाडा स्पष्ट आहे. गळणारे केस हा शरीराचा व्यवहार. त्याचा विचार डॉक्टर करील. लाज ही समाजाची करणी. ती समाजानेच निस्तरायची. घरात कोणाचे केस गळू लागले तर आधी ताट बघा, मग झोप बघा, मग दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा. तेलाची खोटी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पोराच्या डोक्यात चट्टा दिसला तर त्याला वर्गाच्या मागच्या बाकावर ढकलू नका. रेशनच्या धान्याबद्दल शंका आली तर गावाने मिळून विचारा. आणि सोयरीक मोडायचीच असेल तर हुंडा मागितला म्हणून मोडा, दारू पितो म्हणून मोडा, बायकोवर हात टाकणारे घर आहे म्हणून खुशाल मोडा. केसांवरून मोडू नका.